पाटावरचा जुना बोल्ट

मी एक बोल्ट बोलतोय. खरं तर पुरता बोल्टही राहिलो नाही मी. डोकं आणि त्याखालचा थोडा दांडा, एवढंच उरलंय. आट्यांकडचा भाग कुठे उडाला ते मला माहीत नाही, आणि माहीत करून घ्यायची हिंमतही नाही. मी पहिल्यापासूनच जरा भित्रा. लोखंडाचा असून भित्रा, याचं तुम्हाला हसू येईल. पण ज्याला दिवसभर हिसके सोसायचे असतात, त्याच्या अंगात भीती मुरतेच.

माझं काम काय होतं ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं काही उमगायचं नाही. तेलावर चालणाऱ्या इंजिनात एक दट्ट्या असतो. तो सारखा पुढे-मागे धावतो. त्याला मोठ्या चाकाशी जोडणारा जाड लोखंडी हात म्हणजे कनेक्टिंग रॉड. हा हात चाकाच्या वाकड्या दांड्याला मिठी मारून असतो, आणि ती मिठी सुटू नये म्हणून दोन बोल्ट लागतात. एक मी, दुसरा माझा भाऊ. दट्ट्या ढकलतो तेव्हा तो जोर रॉड सोसतो. पण दट्ट्या मागे वळताना सगळं खेचतो, आणि ती ओढ मात्र आमच्या दोघांच्या माथी. ओढ बसली की लोखंड केसभर लांबतं आणि परत मूळच्या जागी येतं. वर्षानुवर्षं येतं. मग एखाद्या दिवशी येत नाही. त्याची मान बारीक होते, आणि हे वरून बघणाऱ्याला कळत नाही.

माझा जन्म विलायतेतला. त्यातलं मला घणाचे घाव तेवढे आठवतात, आणि नंतर भावाशेजारी तेलकट कागदात झोपवलं होतं ते. बोटीच्या पोटात आम्ही कुठे चाललोय याची चर्चा करायला आम्हाला तोंडं नव्हती. मुंबई बंदर, मग रेल्वे, मग वांबोरी स्टेशनावरून बैलगाडी. गाडी उताराला लागली की मी दचके. भाऊ मात्र गप्प असायचा.

सोनईच्या आप्पासाहेबांनी गिरणीसाठी इंजिन मागवलं होतं. आप्पासाहेब शेतीवाडीवाले, गावात शब्दाला वजन असलेले. त्यांनी आपल्या घराला लागूनच पत्र्याची गिरणी बांधली. घर आणि गिरणी यांच्यामध्ये एक दार होतं. पहिले काही दिवस बायका दळण न आणता नुसत्या बघायला यायच्या. म्हाताऱ्या म्हणायच्या, यंत्राच्या पिठाला चव नसते, ते करपतं. आणि पुढच्याच महिन्यात त्याच म्हाताऱ्या टोपली घेऊन सगळ्यांच्या पुढे.

त्यांच्यात बायडाबाई नावाची एक आजी होती. मिरची दळून गेलेल्या बाईनंतर ती आपलं धान्य कधी घालू देत नसे. शेजारणीला पुढे ढकलायची. "तुजी ज्वारी घाल आदी. ठसका तुज्या भाकरीत जाऊ दे, मग माजं घालते." शेजारीण म्हणायची, "व्हय, माजा न्हवरा रोज ठसकतो, त्याचं काय न्हाई." सगळ्या हसायच्या. इंजिनाच्या आवाजात त्यांना ओरडूनच बोलावं लागे, त्यामुळे गावातलं एकही गुपित गिरणीत गुपित राहत नसे.

इंजिन चालवायला छगन होता. जातं भरायला आणि पीठ काढायला त्याची बायको छबूबाई. छगन सकाळी तेलाची बुधली घेऊन एकेका जागी तेल सोडी आणि शेवटी तेलकट हात आपल्या मुंडाशाला पुशी. छबूबाईचं त्यावर रोजचं बोलणं ठरलेलं.

"डोक्याला तेल लावायचं तर लावा, पर मुंडासं सोडा की तेवढं. दगडावर आपटून हात मोडले माजे."

"इंजिनाचं तेल हाय. केस काळं ऱ्हात्यात."

"केस हायेत कुटं?"

छगन इंजिनाला कधी लाथ मारत नसे. चालू होईना तर शिवीही देत नसे, जरा थांबून पुन्हा चाक फिरवी. आम्हा दोघांवर त्याचं विशेष लक्ष. महिन्याकाठी झाकण काढून आमच्या डोक्यांवरून बोट फिरवी. ते बोट फिरलं की मला बरं वाटे. कुणीतरी आपल्याकडे बघतंय, एवढं पुरतं लोखंडाला.

मग लढाई आली. सोनईत तोफा आल्या नाहीत, पण तेल यायचं थांबलं. इंजिनाला लागणारं तेल परवान्यावर, आणि वंगणाचं तेल तर पाण्यासारखं पातळ, काळं, जळका वास येणारं. सुट्या भागांचं नावच काढायला नको. जे झिजायचं ते झिजलेलंच चालवायचं. मिठीच्या आतला मऊ धातू झिजला, आणि रॉड दर फेऱ्याला ठक् करून आपटू लागला. अशातच एकदा ऐन दळणात पट्टा निसटला. ओझं गेलं आणि इंजिन मोकाट सुटलं. छगननं धाव घेऊन तेल तोडलं, पण तेवढ्यात माझी मान ओढली गेली होती. मला ते त्याच क्षणी कळलं. कळून करणार काय? ओढ सोसायची आणि वाट बघायची.

त्याच साली आप्पासाहेबांच्या घरी सून आली. विजया तिचं नाव. नगरची, मॅट्रिक झालेली. नवरा नगरलाच लष्कराच्या गोदामात कारकून, आठवड्याकाठी घरी यायचा. सकाळी इंजिनाचा पहिला बार निघाला की ती हातातलं टाकायची. एकदा ताकाचं भांडं गेलं, एकदा विस्तवावरची कढई वाचली. सासू गोजरबाई दारातून छबूबाईला सांगे, "घरात इंजिन हाय का वाघ, काय कळंना. सूनबाई रोज मरती आन रोज उठती."

पण भिणारा माणूस कान देऊन ऐकतो. आवाज पुन्हा कधी दचकवेल याचा अंदाज घ्यायला तो सतत ऐकत असतो. विजयाला दळणाचा आवाज, रिकाम्या जात्याचा आवाज, पट्ट्याचा आवाज, सगळे वेगवेगळे ओळखू येऊ लागले होते. एके दिवशी मधल्या दारात उभी राहून ती छगनला म्हणाली, "छगनभाऊ, याच्या आत काहीतरी आपटतंय. आधी नव्हतं."

छगननं इंजिनाकडे बघितलं, मग तिच्याकडे. "मला वाटलं, मलाच आयकू येतंय. बरं जालं, वैनी. आता मालकास्नी सांगतो."

आप्पासाहेबांनी नगरहून गोरक्षनाथ मिस्त्रीला बोलावलं. नवरात्राचे दिवस होते. मिस्त्रीनं सगळं इंजिन उघडून तरटावर मांडलं. झिजलेला मऊ धातू वितळवून नवा ओतला, घासून बसता केला. मग आम्हा भावांची पाळी. त्यानं मला दोऱ्याला टांगलं आणि हातोडीनं हलकेच वाजवलं. विजया दारातून बघत होती. बाजारात मडकं घेताना बायका वाजवून बघतात, तसंच हे. माझा आवाज बद्द आला. भावाचा जरा बरा, पण मिस्त्रीनं दोघांच्याही आट्यांवर चक्की, म्हणजे नट, बोटानं फिरवून बघितली. अर्ध्यापर्यंत ती सरसर गेली आणि मग अडली. जिथे मान ओढली जाते तिथे आटे ताणले जातात आणि चक्की अडते, ही आमच्या म्हातारपणाची खूण.

"हे दोगं निवृत्त," मिस्त्री म्हणाला. "दोगंबी. एक ठिवून एक बदलायचा न्हाई. तरना आन म्हातारा एका जुवाला जुंपला की म्हातारा मरतो." त्यानं छिन्नीनं आमच्या दोघांच्या डोक्यांवर एकेक खाच मारली, म्हणजे चुकून परत बसायला नकोत, आणि भंगाराच्या डब्यात टाकलं. लढाईत विलायती बोल्ट कुठून मिळणार, म्हणून त्यानं नगरच्या कारखान्यात चांगल्या पोलादाचे दोन नवे कातून आणले होते. तेही घडणीनं अगदी आमच्यासारखे.

मला खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. डब्यात भावाच्या अंगावर अंग टाकून पडलो. आता ओढ नाही. गंज चढेल, चढू दे.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी हत्यार हातात धरायचं नाही, त्याची पूजा करायची. मिस्त्री हात बांधून ओट्यावर तंबाखू मळत बसला. गोजरबाईंनी पाट मांडला, त्यावर बोल्ट आवळायचे पाने, पकडी, हातोड्या ठेवल्या, नवे बोल्ट ठेवले. मग त्यांची नजर डब्याकडे गेली.

"ह्ये का टाकलंत?"

"म्हातारे जाले, आक्का. ते आता भंगार."

"ज्यांनी इतकी वर्सं गावाला पीट दिलं, त्यास्नी आजच्या दिवशी भंगारात? सूनबाई, काड ते. चिंच आन राख घिऊन लख्ख कर."

विजयानं आम्हाला घासलं. घासताना तिचे हात इतके हळुवार होते की मला माझं म्हातारपण विसरायला झालं. वर्षानुवर्षांचं काळं तेल निघालं, आणि आम्ही नव्या दोघांइतकेच चकाकलो. पाटावर चार बोल्ट ओळीनं मांडले गेले. गोजरबाईंनी हळदकुंकवाची बोटं सढळ हातानं ओढली. डोक्यावरची खाच ओल्या हळदीनं भरली, वर कुंकू, वर अक्षता, झेंडूची पाकळी. मला हसू आलं होतं, तेही सांगतो. मरताना इतका नटलेला बोल्ट कुणी पाहिला नसेल.

आप्पासाहेबांची इच्छा होती की दसऱ्याच्या मुहूर्तावर गिरणी सुरू व्हावी. दसऱ्याला सकाळीच मिस्त्री कामाला बसला. सगळं जुळवून झाल्यावर त्यानं गिरणीतून हाक दिली, "वैनी, नवे बोल्ट द्या जरा हिकडं."

परक्या माणसानं हाक मारली म्हणून विजया दचकली. मागून सासूचा आवाज आला, "दे की लवकर, मुहूर्त टळतोय." तिनं पाटाकडे बघितलं. चार बोल्ट, चारही पिवळे-लाल, चारही चकाकणारे. तिनं आदल्या दिवशी मांडताना कुठले कुठे ठेवले ते आठवलं, किंवा आठवलं असं तिला वाटलं. पण रात्री गोजरबाईंनी दिवा लावताना पाट झाडला होता, आणि चौघे इकडचे तिकडे झाले होते. तिनं उजवीकडचे दोन उचलले. त्यांत एक नवा होता. दुसरा मी.

भाऊ पाटावरच राहिला.

मिस्त्रीनं मला रॉडात घातलं आणि चक्की लावली. बोटानं फिरवली. अर्ध्यापर्यंत गेली आणि अडली. माझ्या मनात आलं, आता तरी ओळखेल. तो थांबलाही. "आट्यात कुंकू बसलंय," तो पुटपुटला, आणि रॉकेलच्या चिंधीकडे हात नेला.

गोजरबाई दारात आरतीचं ताट घेऊन उभ्या होत्या. "मिस्त्री, आजच्या दिवशी कुंकू पुसायचं न्हाई. पुजलेलं हाय."

"आक्का, घट्ट जातोय."

"नवा हाय, घट्टच जानार. आमच्या बांगड्याबी नव्या घट्टच जात्यात."

मिस्त्री हसला. त्याला घरी जायचं होतं, नगरला त्याची लेकरं आपट्याची पानं घेऊन वाट बघत असतील. त्यानं चिंधी खाली ठेवली आणि मोठ्या पान्यानं मला आवळलं. चक्की माझ्या ताणलेल्या मानेवरून करकरत गेली. त्या करकरीला तिथल्या कुणीही नवेपणा म्हटलं असतं.

इंजिन सुरू झालं. आवाज गोड होता. आपटणं गेलं होतं. सगळ्यांनी पेढे खाल्ले.

माझ्या शेजारी आता तरणा, कडक, न वाकणारा सोबती होता. तो ताणलाच जाईना, त्यामुळे वाट्याची ओढ सारखी वाटली जाईना. दर फेऱ्याला माझ्या मानेत एक केसाएवढी चीर पुढे सरकत होती. वर गाव पीठ नेत होतं. दिवाळी जवळ येत चालली होती. बेसन, अनरशाचं पीठ, चकलीची भाजणी. टोपल्यांची रांग पत्र्याबाहेर, पार चिंचेपर्यंत.

दिवाळीच्या साफसफाईत विजयानं देवळी झाडायला घेतली. तिथे उरलेले दोन बोल्ट ठेवलेले होते. वाळकं कुंकू खाली सांडत होतं म्हणून तिनं ते पदरानं पुसलं. एकाच्या डोक्यावर खाच निघाली. तिनं दुसरा पुसला. त्याला खाच नव्हती.

दोन्हींना खाच हवी होती. एकाला नाही, म्हणजे नवा एक इथे राहिला, आणि खाच मारलेला एक भिंतीपलीकडे फिरतोय. भिंत थरथरत होती. ती भिंतीला हात लावून ऐकत राहिली.

आधी ती सासूकडे गेली. "आत्याबाई, माझ्या हातून चूक झाली. जुना बोल्ट आत गेलाय."

गोजरबाईंनी तिच्या पदराकडे बघितलं. "तू त्याचं कुंकू पुसलंस?"

"आत्याबाई, तो तुटेल."

"पुजलेला हाय तो. पुजलेलं घात करत न्हाई. आन ही गोष्ट बाहेर बोलू नकोस, दिवाळी हाय."

विजया मधल्या दारापाशी आली. छबूबाईकडून तिनं छगनला बोलावून घेतलं आणि खाच नसलेला बोल्ट त्याच्या हातात ठेवला. छगननं डोक्यावरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. त्याचा चेहरा उतरला, पण आवाज चढला नाही.

"अर्ध्या दिसाचं काम हाय," तो म्हणाला. "ह्यो घालायचा, त्यो काढायचा. वैनी, तुमी भ्यू नका. मी बोलतो."

आप्पासाहेब गिरणीच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. समोर रांग. छगन हात पुसत गेला आणि हळूच सांगू लागला. पण गिरणीत हळू बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून त्याला ओरडावं लागलं, आणि सगळ्या रांगेनं ऐकलं.

"अर्धा दीस म्हंतोस," आप्पासाहेब म्हणाले. "मिस्त्री नगरला. त्याला निरोप जानार, तो येनार. सनासुदीला तो कुटला येतोय? दिवाळी गेली म्हन की."

"मला मोटा पाना द्या. मी करतो."

"मिस्त्रीनं बसवलेलं तू उगडनार? आन काय इपरीत जालं तर?"

"न उगडता जालं तर, मालक?"

बायडाबाई रांगेतून ओरडली, "ए छगन्या, इंजिन मुहूर्तावर चालू केलंया, त्याला नाट लावू नको. माजं बेसन ऱ्हायलं ना, तर तुज्या दारात येऊन बसंन, जेवायलाबी तूच घालशील." रांग हसली. दुसरी म्हणाली, "छबूबाईच्या हातचं खाऊन बायडाबाई उठायची न्हाई." आणखी हसू. हसण्यात छगनचं बोलणं वाहून गेलं. आप्पासाहेब म्हणाले, "पाडव्यापातुर चालू दे. मग खोल, काय खोलायचं ते."

मी या माणसांना वाईट म्हणत नाही. त्यांना सण दिसत होता, मी दिसत नव्हतो.

छगननं त्याला जमेल ते केलं. इंजिनाचे फेरे उतरवले, दळण हळू पडू लागलं, बायका कुरकुरल्या. इंजिनाच्या ज्या बाजूला रॉड फिरतो, तिथे त्यानं जमिनीवर चुन्याची रेघ ओढली आणि सांगितलं, हिच्या पलीकडं कुनीबी यायचं न्हाई. छबूबाईलाही नाही. "आन तुमी?" छबूबाईनं विचारलं. "माजं तेलाचं काम तिकडंच हाय," तो म्हणाला. "मी कान लावून हाय. बोलला की लगीच तोडतो."

विजया दाराआड उभी राहून एकच वाक्य घोकत होती. सासऱ्यांसमोर ती आजवर एक शब्द बोलली नव्हती. ते आले की पदर पुढे घेऊन आत जायचं, एवढंच तिला माहीत. वाक्य सोपं होतं: मामंजी, इंजिन थांबवा, माणूस मरेल. ती ते मनात म्हणायची, ओठावर आणायची, आणि आप्पासाहेब खाकरले की ते परत पोटात जायचं. असे दिवस गेले. माझी चीर मानेच्या अर्ध्यापलीकडे गेली.

धनत्रयोदशीच्या सकाळी ती बोलली. आप्पासाहेब चहा घेत होते. ती समोर जाऊन उभी राहिली, पदर डोक्यावरून घसरला होता.

"मामंजी, इंजिन थांबवा. माणूस मरेल."

आप्पासाहेबांनी कपबशी खाली ठेवली. ते रागावले नाहीत. मला वाटतं, मनातून त्यांनाही ते खुपत असावं. ते म्हणाले, "रांगेत हाय तेवढं दळन हू दे. दुपारी थांबवतो. मिस्त्रीला मानूस धाडतो."

तिनं मान हलवली. ती आत गेली तेव्हा तिला रडू येत होतं आणि हलकंही वाटत होतं.

दुपार झाली नाही. त्याआधीच मी बोललो. ठक्, एकदाच. छबूबाईनं ऐकलं नाही, रांगेनं ऐकलं नाही. दोघांनी ऐकलं. भिंतीपलीकडे विजयाच्या हातातून परात पडली, आणि इकडे छगन पळत आला. तेल तोडायची कळ त्या चुन्याच्या रेघेच्या आतच होती. त्यानं रेघ ओलांडली. मी धरून ठेवायचा प्रयत्न केला असं म्हणायला मला आवडेल, पण तुटत्या लोखंडाला प्रयत्न नसतो. मी मानेतून तुटलो. मिठी सुटली. रॉड मोकळा होऊन झाकण फोडून बाहेर आला, थेट छगनच्या अंगावर.

छगनचा हात कळीपर्यंत पोचला होता. इंजिन थांबलं ते त्यानंच थांबवलं. जात्याजवळच्या बायकांच्या अंगावर पिठाशिवाय काही उडालं नाही. पण त्याला उचलून गाडीत घातलं तेव्हा गाडीच्या बैलांना कुणी घाई करत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नेवाशाहून फौजदार आले. गिरणीत गाव जमलं. छबूबाई कोपऱ्यात, पीठ काढायच्या जागी बसली होती, कारण दुसरी जागा तिला माहीत नव्हती. फौजदारांनी विचारलं, कसं झालं. आप्पासाहेब जमिनीकडे बघत म्हणाले, "रांग वाढली. छगननं फेरे वाढवले असावेत. मला तर कुनी काय बोललं न्हाई."

छबूबाईनं मान वर केली. नवरा गेला होता, आता त्याचं नावही जात होतं.

मधलं दार उघडलं. गोजरबाई आतून दबक्या आवाजात म्हणाल्या, "सूनबाई, माघारी ये." विजया माघारी गेली नाही.

"मामंजी, मी तुम्हाला काल सकाळी सांगितलं होतं. छगनभाऊंनी त्याच्या आधी सांगितलं. फेरे त्यांनी कमी केले होते."

फौजदारांनी तिच्याकडे बघितलं. "बाई, तुम्ही कधी इंजिन चालवलंय?"

"नाही. ऐकलंय. रोज ऐकत होते. फेरे कमीच होते."

मग मागून बायडाबाईचा आवाज आला, नेहमीसारखा मोठा नाही. "खरं हाय सायेब. त्यो सांगत हुता. मीच त्याला हसन्यावारी नेलं." मग आणखी एकीनं मान हलवली, आणि आणखी एकीनं. आप्पासाहेब उठून घरात गेले. त्यांनी त्या दिवसापासून गिरणीच्या बाजूला तोंड केलं नाही.

छगनच्या माथी दोष लागला नाही. फौजदार अपघात म्हणून निघून गेले. गाव पांगलं. छबूबाई उठली, पदराचं पीठ झटकलं आणि विजयासमोर येऊन उभी राहिली. मला वाटलं, हात धरेल. विजयालाही तसंच वाटलं असावं, कारण तिनं आपला हात पुढे केला होता.

"येवढं बोलता येत हुतं, वैनी," छबूबाई म्हणाली, "तर चार दीस आदी का न्हाई बोललात?"

छबूबाई थोडी थांबली, उत्तरासाठी खरंच थांबली, आणि मग निघून गेली.

मला विजयानं भुशातून उचललं. अर्धा मी आणि माझा पुरता भाऊ, आम्ही दोघं आता तिच्या खोलीत खिडकीच्या कट्ट्यावर असतो. गिरणी बंद आहे. भाग मिळत नाहीत, आणि मिळाले तरी कुणी उघडायला धजणार नाही. गाव पुन्हा हातच्या जात्यावर दळतं. सकाळी घरात इतकी शांतता असते की पाखरू भिंतीवर बसलं तरी कळतं. विजया आता कशानंच दचकत नाही. ताट पडलं, दार आपटलं, तरी मान वळत नाही. सासू म्हणते, सून सुधारली. मला त्याचीच काळजी वाटते. जोवर ती दचकत होती तोवर ती ऐकत होती.

माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. माझ्यासारखा कुणी थकलेला तुमच्या यंत्रात असला, तर त्याला काढून टाका. त्याची सेवा आठवा, हवी तर पूजा करा, पण आधी काढून टाका. एकट्याला नाही, त्याच्या जोडीदारालाही. आणि तुमच्या घरात मधल्या दाराशी पदर सावरत कुणी उभी असेल, तिच्या ओठावर काही येऊन परत जात असेल, तर खाकरू नका. थोडं थांबा. तिला बोलायला वेळ लागतो.

माझ्या तुटल्या टोकावर आता गंज धरतोय. त्याला येऊ देतो. लोखंडाला गंजण्यात दुःख नसतं, तेवढी तरी सोय आमच्यात आहे. छबूबाईला आणि विजयाला ती नाही. त्या दोघी एकाच आडावर पाण्याला येतात. एक आधी भरते, दुसरी थांबते. येतो आता.